धोका, प्रवणता, जोखीम : भूकंपविषयक नियोजनाच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

राजारामपुरीतील रहिवाशाला 'येथे पुराचा धोका आहे काय' असे विचारले, तर उत्तर तत्काळ आणि बहुधा अचूक मिळते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले म्हणजे 'इशारा पातळी' आणि ४३ फुटांवर गेले म्हणजे 'धोका पातळी', हे कोल्हापुरात शाळकरी मुलासही ठाऊक असते. २०१९ च्या ऑगस्टात तेच पाणी ५५ फुटांच्या वर चढले, तेव्हा सखल वस्त्यांत काय घडले आणि उंचावरील वस्त्यांत काय घडले नाही, हेही सर्वांनी पाहिलेले आहे. या एका प्रश्नापुरता 'धोका' हा शब्द कोल्हापूरकराच्या तोंडी पारिभाषिक काटेकोरपणाने वावरतो. त्याला अंक आहे, ठिकाण आहे आणि मुदत आहे.

आता प्रश्नातील एकच शब्द बदलून 'येथे भूकंपाचा धोका आहे काय' असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर कोयनानगरचे अंतर सांगून देता येते. कोल्हापूर शहर भूकंपीय नकाशाच्या कितव्या विभागात पडते ते सांगून देता येते. किंवा ज्या इमारतीत उत्तर देणारा राहतो तिचे वय आणि बांधकाम सांगूनही देता येते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी योग्यच ठरतील. परंतु ती तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि मराठीत तिन्ही प्रश्नांना मिळून शब्द मात्र एकच योजला गेला आहे. नियोजनाच्या आणि आपत्कालीन व्यवस्थेच्या लेखनात या एकशब्दीपणाचे काय परिणाम होतात, हा येथील परीक्षणाचा विषय आहे.

प्रथम संकल्पना. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-साहाय्य कार्यालयाने बोलाविलेल्या तज्ज्ञगटाने १९७९ साली ज्या व्याख्या सिद्ध केल्या, त्यांचा आशय पुढील सर्व शास्त्रीय लेखनाने थोड्याफार फरकाने स्वीकारला आहे. एखाद्या ठिकाणी, ठरावीक कालावधीत, ठरावीक प्रमाणाची जमीन हादरण्याची संभाव्यता ही पहिली संकल्पना. तेवढा हादरा बसला असता एखाद्या वास्तूची, वस्तूची वा मनुष्यसमूहाची किती हानी होईल याचे शून्यापासून एकापर्यंत मोजावयाचे प्रमाण ही दुसरी. आणि या दोहोंच्या संयोगाने, त्या ठिकाणी जे जे हानीच्या कक्षेत उभे आहे ते लक्षात घेऊन, अपेक्षावयाची एकूण हानी ही तिसरी. यांतील संबंध बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. निर्जन माळावर कितीही प्रबळ हादरा बसला तरी तिसरी राशी शून्य राहते. उलट सौम्य हादऱ्यानेही ती फार मोठी होऊ शकते, जर दुसरी राशी एकाच्या जवळ असेल तर.

पहिल्या आणि तिसऱ्या संकल्पनेस मराठी लेखनात सर्रास 'धोका' म्हटले जाते. क्वचित तिसरीस 'जोखीम' हा शब्द योजला जातो, परंतु त्याच परिच्छेदात पुढे पुन्हा 'धोका' येतो आणि वाचकास दोन्ही पर्यायशब्द वाटू लागतात. खरी अव्यवस्था दुसऱ्या संकल्पनेच्या बाबतीत आहे. तिला कोठे 'असुरक्षितता', कोठे 'संवेदनशीलता', कोठे 'भेद्यता' आणि बहुधा 'प्रवणता' असे म्हटलेले आढळते. 'असुरक्षितता' ही भिंतीची अवस्था असू शकते तशीच मनाचीही. 'संवेदनशील' हे विशेषण पोलीस खात्याने दंगलीच्या भागांना लावून ठेवले आहे आणि वाङ्मयसमीक्षेने कवींना. तेच जेव्हा दगडमातीच्या भिंतीला लावले जाते तेव्हा वाचकाने कोणता अर्थ घ्यावा, हे भिंत पडल्यावाचून कळणे कठीण. 'भेद्यता' हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष असला तरी तो तटबंदीच्या आणि बाणांच्या जगातून येतो. त्यात बाहेरून भोसकणारे काही तरी गृहीत आहे. भूकंपात घर बाहेरून भेदले जात नाही, ते आपल्याच वजनाने खाली येते.

'प्रवणता' या शब्दाकडे मात्र अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण तो सर्वांत अधिक रुळला आहे. 'प्रवण' म्हणजे उताराचा, एका बाजूस कललेला. त्यावरून कल असलेला, प्रवृत्त झालेला. 'भूकंपप्रवण क्षेत्र' या सामासिक शब्दात कल आहे तो क्षेत्राचा, म्हणजे जमिनीचा. पहिल्या संकल्पनेपुरता हा शब्द यथार्थ होय. पण तोच दुसऱ्या संकल्पनेसाठी वापरला म्हणजे घराचा गुण जमिनीच्या नावावर मांडला जातो. 'जिल्ह्याचा अमुक भाग भूकंपप्रवण आहे' या साच्याच्या वाक्यात घर, भिंत, छप्पर, माणूस यांपैकी कशालाच जागा नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण वाटते, म्हणूनच त्यात काही उणे आहे असे जाणवत नाही.

या दोषाचे मूळ केवळ मराठी भाषांतरात आहे असे मानणे अन्यायाचे होईल. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याच्या दुसऱ्या कलमात अनेक संज्ञांच्या व्याख्या आहेत; 'आपत्ती', 'सौम्यीकरण', 'पूर्वसज्जता' या सर्वांची तेथे व्यवस्था लावली आहे; परंतु वर सांगितलेल्या तीन संकल्पनांपैकी एकीचीही व्याख्या त्याच्या २००५ च्या मूळ पाठात नव्हती. कलम ३१ मध्ये जिल्हा आराखड्यात काय असावे हे सांगताना पहिलीच बाब येते ती निरनिराळ्या आपत्तींच्या दृष्टीने जिल्ह्यातील कोणती क्षेत्रे हानिसुलभ आहेत ही. म्हणजे मूळ इंग्रजी कायद्यानेच हा गुण क्षेत्रांना लावला आहे. मराठीने तो इमानाने उचलला इतकेच. गंमत अशी की, 'आपत्ती' या शब्दाची व्याख्या करताना त्याच कायद्याने बाधित क्षेत्रातील समाजाच्या तोंड देण्याच्या शक्तीपलीकडचे संकट अशी अट घातली आहे. तेथे समाजाची शक्ती हा व्याख्येचा घटक आहे. व्याख्येत माणसे आली आणि आराखड्याच्या यादीत शिरताना ती गळाली.

भाषेच्या अंगाने पाहता या गळतीचे एक ठिकाण नेमके दाखविता येते, आणि ते विभक्तीत आहे. मराठीत 'धोका' हा शब्द दोन नाती मागतो. 'भूकंपाचा धोका' यात षष्ठी आहे. ती धोका कशातून उद्भवतो ते सांगते. 'घराला धोका', 'मुलांना धोका' यात चतुर्थी आहे; ती धोका कोणावर येतो ते सांगते. नित्याच्या बोलण्यात दोन्ही नाती जुळवून घेतली जातात : 'या भिंतीचा त्या पोरांना धोका आहे' असे कोणतीही गृहिणी सहज म्हणते, आणि या साध्या वाक्यात संकटाचे कारण आणि संकटात सापडणारा हे दोन्ही हजर असतात; इतकेच नव्हे, तर कारण म्हणून ती जमिनीकडे बोट न दाखविता भिंतीकडे दाखविते. प्रशासकीय गद्यात मात्र षष्ठीच तेवढी शिल्लक राहते. 'पुराचा धोका', 'भूकंपाचा धोका', 'वणव्याचा धोका' अशी शीर्षके एकाखाली एक येतात आणि 'कोणाला' हा प्रश्न विचारणारी चतुर्थी आढळत नाही. पुराच्या बाबतीत तिची उणीव फारशी भासत नाही, कारण पाणी जेथे पोहोचते तेथील सर्वांनाच ते पोहोचते. भूकंपाच्या बाबतीत एकाच गल्लीतील दोन शेजारच्या इमारतींचे भवितव्य भिन्न असू शकते.

पुराची भाषा भूकंपाला का लावू नये याचे आणखी एक कारण मराठीच्या क्रियापदांतच आहे. पूर येतो, वादळ येते, पाऊस येतो, भूकंप होतो. हिंदीच्या प्रभावाने अलीकडे 'भूकंप आला' असेही ऐकू येते, पण रूढ प्रयोग 'भूकंप झाला' हाच. जे येते त्याची वाट पाहता येते, त्याला पातळी असते, शिवाजी पुलावरील मच्छिंद्रीची खूण पाहून सामान माळ्यावर चढविता येते. जे होते ते झाल्यावरच कळते. 'धोका' या शब्दाभोवती कोल्हापुरात इशाऱ्याचे जे वलय जमले आहे ते भूकंपाच्या संदर्भात दिशाभूल करणारे आहे. इशाऱ्याची जागा तेथे बांधकामाने घ्यावी लागते, आणि तीही वर्षानुवर्षे आधी.

हा वाद शब्दांपुरताच राहिला असता तर त्यास परिभाषा-समितीच्या टिपणापलीकडे महत्त्व नव्हते. परंतु महाराष्ट्राने गेल्या शतकात जे दोन मोठे भूकंप अनुभवले, त्यांची तुलना केली म्हणजे या तीन संकल्पनांचे वेगळेपण किती जीवघेणे आहे हे कळून येते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात जो भूकंप झाला त्याचे परिमाण ६.३ ते ६.५ असे सांगितले जाते. मृतांची संख्या सुमारे १८० ते २०० होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारी परिसरात जो भूकंप झाला त्याचे परिमाण सुमारे ६.२, म्हणजे कोयनेहून किंचित कमीच होते. मृतांची संख्या निरनिराळ्या नोंदींत आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिलेली आढळते. दोन्ही भूकंप उथळ. दोन्ही पहाटेच्या गाढ झोपेच्या वेळी. किल्लारीस तर आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जनाहून परतलेली माणसे नुकतीच आडवी झाली होती. जमिनीने दोन्ही ठिकाणी जे केले ते तुलनेने सारखे. हानीचे प्रमाण मात्र चाळीस-पन्नास पटींनी वेगळे.

या अंतराचे सर्व श्रेय वा सर्व दोष घरांना देणे योग्य होणार नाही. कोयनेचे खोरे डोंगराळ आणि विरळ वस्तीचे, किल्लारीचा परिसर सपाट आणि दाट गावांचा. संकटात सापडण्याजोगी माणसेच तेथे अधिक होती. तरीही घरांचा वाटा मोठा आहे. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दगडमातीच्या दोन फुटांपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत जाडीच्या भिंती आणि त्यांवर लाकडी तुळया-फळ्यांवर पसरलेला मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, चोरापासून सुरक्षित आणि गावात प्रतिष्ठेचे असे हे घर. अशा भिंतीत आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात आणि मध्ये बारीक दगडमातीचा भरणा. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नसले तर हादऱ्याने ते विलग होतात, भिंत पोटातून फुगते आणि माळवदाचा सारा भार खाली येतो. हलक्या छपराखालची गरिबांची माणसे त्या पहाटे तुलनेने वाचली. 'कच्चे घर' आणि 'पक्के घर' ही जी आपल्या भाषेतील जुनी विभागणी आहे, ती येथे पूर्णपणे उलटी ठरली. पक्केपणाची लोकांची कल्पना वारा, पाऊस, चोर आणि काळ यांच्या अनुभवावर घडलेली होती. जमीन आडवी हलते हा अनुभव तीत नव्हता.

मग त्या प्रदेशाविषयी शास्त्राची भाषा काय सांगत होती? भारतीय मानक १८९३ चा पहिला भूकंपीय नकाशा १९६२ सालचा. त्यात शून्यापासून सहापर्यंत सात विभाग होते. १९६७ च्या अनुभवानंतर १९७० च्या नकाशात विभागांची संख्या पाच झाली, कोयना परिसर चौथ्या विभागात गेला आणि 'शून्य' हा अंक रद्द झाला. भाषाविचाराच्या दृष्टीने या शून्याचे निर्गमन हा लहानसा पण बोलका प्रसंग आहे. शून्य हा अंक क्रमवाचक म्हणून योजिलेला होता, वाचणारा त्याचा अर्थ 'काही नाही' असा घेत होता. परंतु शून्य जाऊन 'एक' आला तरी वाचनाची सवय गेली नाही. किल्लारी १९९३ साली पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी संभाव्यतेच्या विभागात होती, आणि 'भूकंपप्रवण नाही' हे जमिनीविषयीचे विधान 'येथील घरांस भय नाही' असे वाचले जात होते. २००२ च्या नकाशात पहिला विभागही गेला, चारच विभाग उरले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. कोल्हापूर शहरही त्या नकाशात तिसऱ्याच विभागात आहे. घटना घडावी आणि मग नकाशाने रंग बदलावा, हा क्रम नकाशाकारांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. ते सर्वस्वी खरे नाही. नकाशा उपलब्ध नोंदींवरच बेतावा लागतो, आणि दख्खनच्या पठारावरील जुन्या भूकंपांच्या नोंदी तुटपुंज्या आहेत. दोष आहे तो एका राशीचा नकाशा तिन्ही राशींचा म्हणून वाचण्यात.

येथेच 'तीव्रता' या शब्दाचाही उल्लेख केला पाहिजे. भूकंपाच्या उगमाशी मुक्त झालेल्या शक्तीचे माप एक असते. विशिष्ट ठिकाणी जाणवलेल्या हादऱ्याचे आणि झालेल्या पडझडीचे माप दुसरे असते. पहिले एका भूकंपास एकच, दुसरे गावागणिक निराळे. वृत्तपत्री मराठीने 'तीव्रता' हा शब्द पहिल्यास देऊन टाकला, त्यामुळे दुसऱ्यास नाव उरले नाही. 'कोयना परिसरात ३.१ रिश्टर स्केल तीव्रतेचा सौम्य धक्का' या साच्याची बातमी सातारा, सांगली, कोल्हापूरच्या वाचकाने इतक्या वेळा वाचलेली असते की, त्यातील 'सौम्य' हे विशेषण तो धक्क्याचे न समजता कोयनेचेच समजू लागतो. भूकंपीय विभाग मात्र पारंपरिकरीत्या दुसऱ्या मापाशी जोडलेले आहेत : तिसरा विभाग सातव्या श्रेणीच्या पडझडीशी, चौथा आठव्या श्रेणीशी. ज्या मापाला भाषेत नाव नाही त्यावर आधारलेले विभाग सामान्य वाचकाने कसे समजून घ्यावेत?

शब्दांच्या या गोंधळाचे कृतीत कसे रूपांतर होते, हे किल्लारीनंतरच्या पुनर्रचनेत दिसते. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. ढिगाऱ्यांखाली आप्त गमावलेल्या माणसांना त्या जागी पुन्हा राहणे असह्य होते, काळ्या मातीचे आणि मलब्याचे प्रश्न होते. स्थलांतरामागील ही कारणे क्षुल्लक नव्हती. परंतु 'भूकंपप्रवण जागा सोडून सुरक्षित जागी' असा जो तर्क त्याबरोबर सांगितला जाई, त्यास शास्त्रीय आधार फारसा नव्हता. बहुतेक नवी गावठाणे जुन्या गावापासून फार दूर नाहीत. जमिनीचा कल थोड्याशा अंतरात बदलत नाही. बदलले ते घर, आणि बदलावयास हवे होते तेही घरच. याउलट त्याच कार्यक्रमात ज्या गावांची हानी कमी होती तेथे लाखाहून अधिक घरांची 'दुरुस्ती व मजबुतीकरण' जागच्या जागी करण्याचे काम हाती घेण्यात आले. माळवदाची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे जोड बसविणे, खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरविणे, असे त्याचे स्वरूप होते. या कामास जनमानसात स्थलांतराइतके मोल मिळाले नाही. 'सुरक्षित जागा' हा शब्दप्रयोग जेथे प्रबळ, तेथे 'सुरक्षित भिंत' हा दुय्यम ठरावा यात आश्चर्य नाही.

'मजबुतीकरण' हा शब्द मात्र हाताशी लागला तो सोडू नये. मराठी माणसास 'मजबूत' म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. आणि त्याचा विरुद्धार्थी 'कमकुवत' हाही तितकाच परिचित. दुसऱ्या संकल्पनेसाठी 'भेद्यता' आणि 'प्रवणता' यांऐवजी 'कमकुवतपणा' हा शब्द रूढ करावा, असे सुचविण्यास व्याकरणाचाच आधार आहे. 'कमकुवतपणा' म्हटले की 'कशाचा' हा प्रश्न आपोआप उभा राहतो : भिंतीचा, खांबाचा, जोडाचा. 'प्रवण' हे विशेषण क्षेत्राला लावून मोकळे होता येते; कमकुवतपणा क्षेत्राला लावला तर कानाला खटकतो, आणि हे खटकणे उपकारक आहे. केंद्र शासनाच्या बीएमटीपीसी या संस्थेने १९९७ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या 'व्हल्नरेबिलिटी अ‍ॅटलस ऑफ इंडिया' या नकाशासंग्रहात प्रत्येक जिल्ह्याची घरे भिंत आणि छप्पर यांच्या प्रकारांनुसार मोजून त्यांपुढे संभाव्य हानीची पायरी दिलेली आहे. कमकुवतपणा घराचा असतो, हे त्या कोष्टकाच्या रचनेतच मान्य केलेले आहे. मराठी आराखड्यांनी त्यातील विभागांचे रंग जितक्या तत्परतेने घेतले तितक्या तत्परतेने ती कोष्टके घेतली असती, तर परिभाषेचा प्रश्नही बराचसा सुटला असता.

या शब्दावर आक्षेप घेता येईल आणि तो वजनदार आहे. भिंतीस कमकुवत म्हणावे. माणसास म्हणावे काय? वृद्ध, आजारी, एकटी राहणारी स्त्री, भाड्याच्या खोलीतील विद्यार्थी, ज्यांना इमारतीच्या दुरुस्तीविषयी काडीचाही अधिकार नाही, यांच्या स्थितीचाही समावेश त्या संकल्पनेत होतो. त्यांना कमकुवत म्हणणे म्हणजे परिस्थितीचा दोष त्यांच्या अंगी चिकटविणे होय. शासनव्यवहारातील 'दुर्बल घटक' हा शब्द हाच प्रमाद आधी करून बसला आहे. यास्तव 'कमकुवतपणा' वास्तूंपुरता राखावा आणि माणसांच्या बाबतीत तो अधिकाराचा, उत्पन्नाचा वा आधाराचा अभाव असेल तसा स्पष्ट शब्दांत सांगावा, हे अधिक प्रामाणिक. एका इंग्रजी शब्दास एकच मराठी शब्द असला पाहिजे हा आग्रह कोशकारास सोयीचा असेल. अर्थास तो नेहमी मानवत नाही.

तिसऱ्या संकल्पनेसाठी नवा शब्द घडविण्याचे कारणच नाही. 'जोखीम' हा शब्द मराठीत व्यापाराच्या वाटेने पक्का झालेला आहे. 'जोखमीचा माल' म्हणजे मोलाचा, जपून नेण्याचा माल. 'जोखीम अंगावर असणे' म्हणजे पैसाअडका वा दागिने जवळ असणे. हुंड्यांच्या प्रकारांत 'जोखमी हुंडी' म्हणून एक प्रकार असे : माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत, वाटेत बुडाला तर नव्हे. म्हणजे या एका शब्दात पणाला लागलेली वस्तू, तिच्या नाशाची शक्यता आणि तो नाश कोणी सोसावयाचा याचा करार, हे तिन्ही अर्थ पूर्वीपासून नांदत आहेत. 'धोका' असतो, 'जोखीम' कोणी तरी घेतो, उचलतो, पत्करतो. तिला कर्ता लागतो. इमारतीचा नकाशा मंजूर करणारा, सळई आणि रिंगांचे अंतर ठरविणारा, तळमजल्याच्या भिंती काढून दुकान थाटणारा, यांपैकी कोणी कोणाची जोखीम उचलली, असा प्रश्न त्या शब्दाने विचारता येतो. 'भूकंपाचा धोका' या शब्दप्रयोगाने तो विचारता येत नाही.

हा शब्दभेद राजारामपुरीस लावून पाहावा. धोका, म्हणजे पहिली राशी, पहिल्या गल्लीपासून अखेरच्या गल्लीपर्यंत ढोबळमानाने सारखी आहे. मातीच्या थरांमुळे पडणारा फरक जमेस धरला तरी नकाशाचा विभाग एकच. कोयनानगर सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहे. कमकुवतपणा मात्र एका गल्लीतही एकसारखा नाही. नियोजनपूर्वक आखलेल्या, अंक दिलेल्या गल्ल्यांच्या या वस्तीत जुने भारवाही भिंतींचे बंगले आहेत, त्यांच्याच आवारात नंतर चढविलेले मजले आहेत, आणि तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून खांबांवर उभ्या केलेल्या सदनिका आहेत. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरील अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या इमारतींचा भरणा होता. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खालचा केवळ खांबांवर, अशा रचनेत सारी हालचाल त्या खांबांच्या माथी येते. जुना बंगला पाहून भीती वाटावी आणि नवी सदनिका पाहून निश्चिंत व्हावे, ही किल्लारीच्या 'पक्क्या' घरासारखीच फसगत ठरू शकते.

जोखीम तर घड्याळाबरोबर बदलते. दिवसा मुख्य रस्त्यावरील दुकाने, दवाखाने आणि शिकवण्या यांत बाहेरून आलेली माणसे असतात, रात्री केवळ राहणारी. आपत्कालीन व्यवस्थेचा आराखडा करणाऱ्यास रुग्णवाहिका कोठून न्यावी, कोणती गल्ली ढिगाऱ्याने बंद पडेल, मोकळे मैदान कोणते, हे ठरविताना विभागाच्या अंकाचा काहीच उपयोग नसतो. त्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या राशीची, इमारतवार आणि वेळवार माहिती लागते.

ही माहिती अगदीच उपलब्ध नाही असे नव्हे. कोल्हापुरात मालमत्ता कराला 'घरफाळा' म्हणतात, आणि घरफाळ्याची आकारणी करावयाची म्हणजे बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि वापर यांची नोंद करावीच लागते. आर. सी. सी., लोड बेअरिंग, कौलारू, पत्र्याचे शेड हे त्या व्यवहारातले शब्द. ना संस्कृत, ना शुद्ध इंग्रजी, पण प्रत्येक शब्द विशिष्ट भिंतीकडे आणि विशिष्ट छपराकडे बोट दाखविणारा. कमकुवतपणाची भाषा आपत्ती-आराखड्यापेक्षा घरफाळ्याच्या कागदांत अधिक सापडते, ती या अर्थाने. अर्थात ती नोंद कराच्या हेतूने घेतलेली असते. तळमजला मोकळा आहे की भिंतींनी बांधलेला, वरचे मजले मूळ बांधकामाबरोबरचे की मागाहून चढविलेले, दुकानासाठी कोणती भिंत काढली, हे कराच्या हिशेबाला लागत नाही. भूकंपाच्या हिशेबाला नेमके तेवढेच लागते. हे तीन-चार रकाने त्या नोंदीत वाढविणे आणि त्यांची शीर्षके गवंड्यास, घरमालकास व भाडेकऱ्यास सारखीच समजतील अशा मराठीत देणे, हे काम परिभाषाकार आणि स्थापत्य अभियंता यांना एकत्र बसूनच करावे लागेल.